बाई, नदी वर का आलीय?

"बाई, ही गोदावरी ना? मग ती वर का आलीय? नदी तर खाली असते."

आठवीचा वर्ग, जुलै महिना, बाहेर झिमझिम चालू आणि माझी बोटं अजून फेविकॉलने चिकट. दोन रात्री जागून मी वर्गात नव्याने आलेल्या एका दृष्टिहीन मुलीसाठी महाराष्ट्राचा नकाशा केला होता. जाड पुठ्ठ्यावर सुतळीची सीमा, सह्याद्रीला चॉकलेटी लोकर, गोदावरी-भीमा-कृष्णेला निळी लोकर. ती निळी लोकर मी तीन दुकानं फिरून आणलेली. जिला अजिबात दिसत नाही तिच्यासाठी मी निळा रंग शोधत फिरले, आणि नदी काय डोंगर काय दोन्ही एकाच जाडीचे, दोन्ही पुठ्ठ्याच्या वर आलेले. तिचं बोट त्र्यंबकेश्वरपासून निघालं, लोकरीवरून नांदेडच्या दिशेने सरकत गेलं आणि मधेच थांबलं. "आमच्या कुकडीला तर उतरून जावं लागतं," ती म्हणाली, "ही चढून का जायची?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, उद्या सांगते. आज तीन वर्षांनी हे लिहितेय कारण मधे बऱ्याच शिक्षकांनी विचारलं की तुम्ही ते नकाशे कसे केले, आम्हालाही वर्गात असं मूल आलंय. दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते, चुकांसकट, कारण चुकांमधूनच जास्त कळलं.

मी जुन्नर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. ही मुलगी सातवीपर्यंत अंध मुलांच्या निवासी शाळेत होती, मग घरच्यांनी तिला परत आणलं आणि आमच्याकडे आठवीत घातलं. ब्रेल एकदम पक्कं, डोकं तल्लख, हातात पांढरी काठी. आमच्या शाळेत असं मूल पहिल्यांदाच आलं होतं. ती यायच्या आधी स्टाफरूममध्ये चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं की पोरगी हुशार आहे, पहिल्या बाकावर बसू दे, ऐकून ऐकून शिकेल. मीही हेच म्हटलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण आज ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं, कारण वर्गातल्या चाळीस मुलांना पुस्तक, फळा, नकाशा, वही सगळं आणि हिला फक्त कान, असा त्याचा अर्थ होतो, आणि आम्ही तो प्रेमाने ठरवला होता.

गट साधन केंद्राकडून एक विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांच्याकडे बाकी खूप शाळा होत्या, तरी येतील त्या दिवशी तासभर बसायच्या. त्यांनीच पहिल्यांदा मला सांगितलं की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात आता ७ नाही तर २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, बाकीचं शिकायचं साहित्य आणि लागणारी साधनं मोफत पुरवायची अशी त्यात सोय आहे. मी बी.एड. केलं तेव्हा यातलं काहीच शिकवलं नव्हतं. पण कायदा वाचून मला वर्गात उद्या सकाळी काय करायचं ते कळलं नाही, ते त्यांनी वेगळ्या पद्धतीने कळवलं. म्हणाल्या, बाई, तुमचा एक तास मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी डोळे मिटून ऐका.

ऐकलं. "हे बघा इथून हा असा वर जातो आणि हे जे आहे ना ते इकडे येऊन मिळतं, मग इथे काय तयार होतं?" पस्तीस मिनिटं असंच. हे, इथे, असा, तिकडे. किती वेळा ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मी स्वतःला चांगली शिक्षिका समजत होते, मुलांना माझा तास आवडतो, पण डोळे मिटल्यावर माझ्याच तासात मला काही कळत नव्हतं. त्या दिवसापासून सवय लावून घेतली की बोट दाखवलं की नाव घ्यायचं. "फळ्याच्या डाव्या कडेला मी वरून खाली एक उभी रेघ काढतेय, ही किनारपट्टी. तिच्या उजवीकडे चार बोटं अंतर सोडून दुसरी उभी रेघ, हा सह्याद्री." पहिले पंधरा दिवस जीभ अडखळायची. मग एक गोष्ट लक्षात आली, फळ्यावरचं असं बोलून काढायला लागल्यावर मागच्या बाकांवरची मुलंही वहीत नकाशा बरोबर जागी काढायला लागली. त्यातल्या एकाला मुळात फळाच नीट दिसत नव्हता. कुणी तपासलंच नव्हतं, तो शेजाऱ्याचं बघून लिहायचा आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो. त्याला नंतर चष्मा लागला, बाक खिडकीकडे पाठ येईल असा फिरवला कारण उजेड फळ्यावर चकाकत होता, आणि त्याच्या झेरॉक्स मोठ्या अक्षरात काढायला लागलो. एवढंच लागत होतं त्याला.

आता नोट्सचं सांगते, कारण यात माझं सगळ्यात जास्त चुकलं आणि जवळजवळ प्रत्येक शाळेत हेच चालू असणार अशी माझी खात्री आहे.

माझ्या नोट्स गेली कित्येक वर्षं कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. मोठ्या हौसेने मी त्या सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घालून तिला दिल्या. तिच्या दादाने लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिलं होतं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, पूर्ण मोफत आहे, मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला सुरुवात केली आणि आज जगभर वापरतात. संध्याकाळी तिच्या आईचा फोन, "बाई, कॉम्प्युटर काहीतरी बरळतोय, मराठी बोलतच नाही." मला वाटलं लॅपटॉप बिघडला. बिघडला नव्हता. कृतीदेवमध्ये 'क' उमटवायला कीबोर्डवर इंग्रजी डी दाबतात, 'म' ला ई आणि 'ल' ला वाय. म्हणजे स्क्रीनवर 'कमल' दिसतं पण फाईलच्या पोटात डी-ई-वाय एवढंच असतं, फॉन्ट त्याच्यावर नुसतं मराठी चित्र चढवतो. डोळ्याला चित्र दिसतं म्हणून आपण वाचतो. स्क्रीन रीडरला चित्राशी घेणंदेणं नाही, तो पोटातलं वाचतो, आणि 'कमल'चं 'डे' होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोट्समध्ये एकही मराठी शब्द नव्हता. हे मला तेव्हा समजलं.

मग युनिकोडमध्ये आणायच्या ठरवल्या, त्यात फाईलच्या पोटातही खरी मराठी अक्षरंच असतात. कन्व्हर्टर मिळतात, फाईल टाकली की बदलून येते, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका, रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. माझ्याकडे 'पर्वत'चं 'पवर्त' आणि 'पर्जन्य'चं 'पजर्न्य' झालेलं. आपल्याला बघून अंदाज येतो, पण ऐकणाऱ्या मुलीला तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असेल तर ती 'पजर्न्य' असंच शिकेल. शेवटी अर्ध्या नोट्स मी फोनवर बोलून टाईप केल्या आणि मग वाचून दुरुस्त केल्या, ते जास्त सोपं पडलं. दुसरं म्हणजे धड्याची शीर्षकं मी नुसती ठळक आणि मोठी करायचे. तीच वर्डमधल्या हेडिंगच्या स्टाईलने केली तर एनव्हीडीएमध्ये एच दाबत दाबत ती मुलगी थेट हव्या त्या मुद्द्यावर उडी मारू शकते, नाहीतर सोळा पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसायची. ठळक केलेलं शीर्षक तिच्यासाठी शीर्षक नसतंच. तक्त्याचंही तसंच. मी स्पेस दाबत दाबत रकाने पाडायचे, तिला ते सगळं एकामागोमाग एक ऐकू यायचं, कुठला आकडा भारताचा आणि कुठला ब्राझीलचा काही पत्ता नाही. खरा टेबल टाकला की रकान्याचं नाव बोललं जातं.

आणि व्हॉट्सॲपवर वहीचा किंवा फळ्याचा फोटो टाकणं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सगळे शिक्षक तेच करायचे, घाईत मीही. तिच्या फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, फक्त एवढं सांगायचं की फोटो आलाय. मी सहकाऱ्यांना विनंती केली की फोटो टाका, पण खाली त्यातला मजकूर टाईप करा नाहीतर व्हॉइस मेसेज तरी टाका. काहींनी लगेच केलं, काहींना सहा महिने लागले. एका सरांना वेगळीच शंका होती की पुस्तकातला धडा टाईप करून कुणाला दिला तर कॉपीराइटचा भंग होईल. शंका रास्त होती. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसासाठी ते त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला त्यात मोकळीक आहे. पुढे याच विषयावरचा मराकेश करार आला आणि २०१४ मध्ये तो मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश होता. हे सांगितल्यावर सर म्हणाले, मग मी इतिहासाचे धडे करतो. आणि त्यांनी केले. सुगम्य पुस्तकालय म्हणून एक ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासूनचं, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी, त्याचं सभासदत्वही तिला काढून दिलं, अवांतर वाचनाला ते फार उपयोगी पडलं.

तुम्ही म्हणाल सगळं ऐकायचंच आहे तर ब्रेल कशाला. मलाही तसंच वाटायचं. दहावीत ब्राझीलच्या धड्यात 'अजस्र कडा' हा शब्द आला, म्हणजे तिथल्या किनाऱ्याजवळचा प्रचंड कडा. परीक्षेत ती सांगेल ते लिहिणारी लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी घेऊन सराव चालू होता, तिने लिहिलं 'अजस्त्र'. आपल्यातले निम्मे लोक असंच लिहितात. मी वहीत बघून म्हटलं चुकलंय. तर ही म्हणते, "मी तिला सांगणारच होते, त्यात 'त' नाहीये." तिला कसं कळलं? तर तिने तो धडा ब्रेलमध्ये वाचला होता, आणि ब्रेलमध्ये अर्धं अक्षर लिहिताना त्याच्या आधी एक टिंब येतं, चार नंबरचं, मग स, मग र. बोटाखालून अक्षर अन् अक्षर गेलं होतं. नुसतं ऐकलेलं असतं तर अजस्र आणि अजस्त्र सारखंच वाटलं असतं. ब्रेलचं प्रत्येक अक्षर ज्यांतून बनतं त्या सहा टिंबांची मीही नंतर थोडी ओळख करून घेतली, लेबल लावण्यापुरती. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. छापील 'कि' मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर, ब्रेलमध्ये मात्र आधी क आणि मग इ, जसं तोंडातून निघतं तसं.

आता परत नदीकडे.

त्या रात्री मी विचार केला की मी नक्की काय केलं होतं. मी छापील नकाशा घेतला आणि त्याच्या रेघा उंच केल्या. पण छापील नकाशातली रेघ ही नदी नसते, ती डोळ्यांसाठी केलेली एक खूण असते, निळा रंग म्हणजे पाणी हे आपल्याला कुणीतरी लहानपणी शिकवलेलं असतं. बोटाला रंग नाही. बोटाला वर-खाली आहे, खरखरीत-गुळगुळीत आहे, गार-कोमट आहे, पोकळ-भरीव आहे. ह्या भाषेत नदी सांगायची असेल तर ती खणावी लागेल.

गणपतीचे दिवस जवळ आलेले, मूर्तीच्या कारखान्यातून शाडू माती आणली. नुसती शाडू वाळली की तडकते, म्हणून कागदाचा लगदा आणि फेविकॉल मिसळला. प्लायच्या तुकड्यावर पश्चिमेकडे सह्याद्री उभा केला, कोकणाच्या बाजूला एकदम तुटलेला आणि देशाच्या बाजूला हळूहळू उतरत जाणारा, सगळं पठार पूर्वेकडे किंचित कलतं ठेवलं. माती ओली असतानाच खिळ्याने गोदावरी कोरली आणि त्या खाचेत फेविकॉलचा हात दिला म्हणजे बोट सुळकन सरकेल. समुद्राच्या जागी वहीचं प्लास्टिक कव्हर ताणून चिकटवलं, गार आणि गुळगुळीत. वरचा उजवा कोपरा तिरका कापला, म्हणजे नकाशा हातात घेतला की उत्तर कुठे ते आधी कळतं. शहरांना शिंप्याकडची प्रेस बटणं.

तिने दोन्ही हात ठेवले. आधी कडेने फिरली, मग कोकणातून वर चढली, आणि तिचं बोट घाटमाथ्यावरून पलीकडे घसरून खाचेत पडलं आणि आपोआप पूर्वेला निघालं. "म्हणून ती तिकडे जाते होय!" मी सोळा वर्षं मुलांना गोदावरी पूर्ववाहिनी आहे असं पाठ करायला लावत होते.

पहिल्याच नकाशात सगळं जमलं असं मुळीच नाही. मी हौसेने मुळा, प्रवरा, नीरा, घोड, कुकडी सगळ्या कोरल्या आणि तो भाग बोटाखाली नुसता खडबडीत चिखल झाला. "इथे सगळं एकच लागतंय," ती म्हणाली. मग विशेष शिक्षिकेने समजावलं की बोटाचं बारीक बघणं डोळ्यापेक्षा खूप कमी असतं, दोन खुणांमध्ये तीनेक मिलिमीटर तरी मोकळी जागा लागतेच. ब्रेलचं एक अक्षर साधारण सहा मिलिमीटर रुंदीची जागा खातं आणि ते लहान करता येत नाही. छापील नकाशात छत्रपती संभाजीनगर बारीक टाईपात मावतं, इथे आडवी जवळजवळ अर्धी वीत जागा जाईल. तेव्हा शहराला एक-दोन अक्षरांची खूण आणि वेगळ्या कागदावर सूची. आणि एका नकाशात एकच विषय. डोंगर-नद्यांचा एक, पावसाचा एक, शहरं-रस्त्यांचा एक. हे मला आता साध्या नकाशालाही लागू वाटतं पण ते असो.

अजून एक, जे मला उशिरा कळलं आणि जे मी प्रत्येकाला सांगते: नकाशा आदल्या दिवशी द्या. डोळा एका क्षणात अख्खा भारत बघतो, बोट कन्याकुमारीपासून सुरू करून तुकडा तुकडा जोडत जातं, त्याला वेळ लागतो. तासाला सगळ्यांबरोबर तिच्या हातात नकाशा ठेवला तर बाकीची मुलं तिसऱ्या प्रश्नावर असतात आणि ती अजून सीमेवर. आदल्या दिवशी घरी नेला की दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे असते. नोट्सचंही तेच. "नंतर तुला वेगळं समजावते" हे वाक्य मी वापरायचं बंद केलं, नंतर कधीच येत नाही, आणि आलं तरी तोवर वर्गातली चर्चा होऊन गेलेली असते, प्रश्न विचारून झालेले असतात, तिचा प्रश्न एकटीचा राहतो.

दहावीला भूगोलात भारत आणि ब्राझील. ब्राझीलचा नकाशा करेपर्यंत माझा हात बसला होता. ॲमेझॉनच्या वर्षावनाला पायपुसण्याचा दाट तुकडा, विषुववृत्ताला एक बारीक तार, ती ॲमेझॉनच्या मुखाजवळून जाते आणि खाली साओ पावलोजवळून मकरवृत्ताची दुसरी तार. उच्चभूमीला शाडूच, आणि पूर्व किनाऱ्याला अजस्र कडा. साओ पावलोच्या बाजूला हा कडा समुद्राकडे सुमारे ८०० मीटर उतरतो. ईशान्येकडच्या अवर्षण चतुष्कोनाला, म्हणजे फार कमी पावसाच्या भागाला, पॉलिश पेपर. तापमानाच्या स्तंभालेखाला खराट्याचे हीर, मापात कापून पुठ्ठ्यावर ओळीने. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मानौस शहराचे बारा महिने हाताखालून गेले तर सगळे जवळजवळ सारखेच उंच, विषुववृत्ताजवळ वर्षभर उकाडा. दिल्लीचे हीर मे-जूनला वर चढतात आणि जानेवारीला खाली. ती म्हणाली, "मानौसचं कुंपण आहे आणि दिल्लीची टेकडी." स्तंभालेखाचं इतकं नेमकं वाचन माझ्या वर्गात आजवर कुणी केलं नव्हतं. सगळा खर्च धरून तीनशेच्या आत काम झालं.

पर्जन्यछाया मात्र नकाशाने कळेना. वारा समुद्रावरून येतो, कड्याला अडतो, वर चढतो, पाऊस समोरच्या बाजूला पडतो आणि पलीकडे कोरडं राहतं, हे मी दहा वेळा सांगितलं, तिने पाठही केलं, पण पाठ केलेलं आणि कळलेलं यातला फरक शिक्षकाला आवाजावरून कळतो. मग एक दिवस बाकावर पाटी उभी धरली, तिचा एक तळहात पाटीच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवायला सांगितला आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा पाण्याचा फवारा अलीकडून मारला. एक हात ओला, एक कोरडा. ती काही बोलली नाही, ओला हात कोरड्या हातावर ठेवला आणि हसली. त्यानंतर वर्गातल्या झाडून सगळ्यांना हात पुढे करायचे होते, फवारा संपला, पुन्हा भरून आणला. त्यांच्यात एक मुलगा होता ज्याला वाचायला खूप त्रास होतो, अक्षरं उलटी दिसतात, पेपरात तो नेहमी कोरा. त्या धड्यावरचं उत्तर त्याने तोंडी अचूक सांगितलं.

दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडाच क्षेत्रभेटीचा. आम्हाला नाणेघाट जवळ. डिसेंबरात गेलो. तिला न्यायचं की नाही यावर शाळेत बरीच ओढाताण झाली, जबाबदारी कोण घेणार, पडली तर, आणि कुणीतरी म्हणालं की तिथे बघण्यासारखंच सगळं आहे, ती काय करेल. तिची आई म्हणाली मी येते बरोबर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिच्या उजवीकडे, मी डावीकडे.

दगडी रांजणापाशी ती बराच वेळ थांबली. सातवाहनांच्या काळापासूनची ही वाट, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल इथून जुन्नरला चढायचा आणि रांजणात जकात पडायची असं सांगतात. तिने रांजणाच्या कडेवरून हात फिरवला, किती रुंद आहे ते दोन्ही हात पसरून मापलं. मग गुहेकडे जाणाऱ्या खिंडीत शिरलो, दोन्ही बाजूंना कातळ, तिने हाताने चाचपत चाचपत पायऱ्या उतरल्या. लेण्यातल्या ब्राह्मी शिलालेखाला हात लावायचा नसतो, तो मी तिला वर्णन करून सांगितला, भिंतभर अक्षरं, किती उंचीपासून किती उंचीपर्यंत.

परत वर येऊन कड्यापासून चांगले लांब उभे राहिलो. कोकणातून वारा वर येत होता, तिथे तो नेहमीच असतो. तिने काठी माझ्याकडे दिली, तोंड पश्चिमेकडे केलं आणि म्हणाली, "बाई, वारा समोरून नाही येत, खालून येतोय." मी म्हटलं हो, कारण समोर जमीनच नाही. थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "म्हणजे हा आपला अजस्र कडा." पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की ब्राझीलचा कडा आणि सह्याद्रीचा कोकणाकडचा उतार यांची तुलना करा, दोन्हीकडे समुद्रावरून वारा येतो, दोन्हीकडे कड्यामागे पाऊस कमी. ते तिने स्वतः जोडलं, वाऱ्यावरून. माझ्याबरोबरच्या दिसणाऱ्या मुलांपैकी बरीचशी त्या वेळी सेल्फी काढत होती, त्यांना मी काही बोलले नाही, पण परत येताना बसमध्ये तिलाच सांगायला लावलं आणि सगळी ऐकत होती.

परीक्षेचं थोडक्यात. लेखनिक मिळाली, तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो तो मिळाला. लेखनिकेबरोबर सराव आधीपासून करा, हे अगदी कळकळीने सांगते, कारण दुसऱ्याच्या हाताने लिहिणं ही स्वतंत्र विद्या आहे, कुठे परिच्छेद पाडायचा, कुठला शब्द फोड करून सांगायचा, प्रश्न पुन्हा वाचायला कसं सांगायचं, आणि समोरची मुलगी घाबरली तर तिला कसं सांभाळायचं हेसुद्धा. आम्ही दिवाळीनंतर दर आठवड्याला एक पेपर सोडवला.

पेपर झाल्यावर बाहेर आली तेव्हा चेहरा पडलेला. मला वाटलं अवघड गेला. तर नकाशाच्या प्रश्नाऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न असतो, तो तिला सोपा गेला होता, सगळे मार्क मिळणार होते. ती म्हणाली, "पण बाई, मला नकाशा येतो ना." हा पर्याय ज्यांनी ठेवला त्यांनी चांगल्या मनानेच ठेवला आहे आणि ज्या मुलांना कधी उठावाचा नकाशा मिळालाच नाही त्यांच्यासाठी तो लागतोच, हे मला कळतं. तरी मला मनापासून वाटतं की जिला येतो तिला बोटाने वाचायचा नकाशा पेपरबरोबर मिळायला हवा, आणि त्यात मानौस कुठे, साओ पावलो कुठे, हे तिने बटण लावून दाखवायला हवं. नकाशा वगळून भूगोल घेतला की तिच्या वाट्याला पुन्हा ते ऐकून ऐकून शिकणंच येतं.

आता ती तालुक्याच्या कॉलेजात अकरावी आर्ट्सला आहे, भूगोल घेऊन. मागच्या आठवड्यात फोन आला. "बाई, इथल्या मॅडम चांगल्या आहेत पण त्यांना कळत नाहीये मला काय पाहिजे. आपला ब्राझील अजून आहे का? त्यांना नुसता हातात देते, मग कळेल त्यांना."

कपाटातून काढला. पायपुसण्याचं एक टोक उखडलंय, चतुष्कोनाचा पॉलिश पेपर घासून गुळगुळीत झालाय इतके हात फिरलेत, आणि ॲमेझॉनच्या खाचेला मुखापाशी तडा गेलाय. काल शाडू भिजत घातली आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटली की घेऊन जाईन.